आवृत्तीची तारीख आणि गोठवण : डेबियनच्या नियोजनाविषयी

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. मागावर बीम चढून उभे धागे फणीतून ओवले गेले, की कापडाचा पन्हा आणि उभ्या धाग्यांची संख्या कायम होते. त्यानंतर आडवा धागा तेवढा बदलता येतो. मुक्त संगणक-प्रणालीच्या नव्या आवृत्तीचे नियोजन करणाऱ्यांना अशीच एक मर्यादा आखावी लागते. अमुक दिवसानंतर नवे काही स्वीकारावयाचे नाही, फक्त दोष काढावयाचे. यास ‘गोठवण’ म्हणतात. नियोजनाची चर्चा बहुधा प्रकाशनाच्या तारखेभोवती फिरते. गोठवणीकडे तिचे लक्ष क्वचितच जाते.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये आरंभिलेली डेबियन ही प्रणाली या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचे जगभरचे कार्यकर्ते स्वयंसेवक असून ‘तयार होईल तेव्हा’ हे त्यांचे जुने सूत्र होय. त्यामुळे जुलै २००२ च्या आवृत्तीनंतरची आवृत्ती जून २००५ मध्ये आली. दरम्यान डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूने ऑक्टोबर २००४ पासून दर सहा महिन्यांचा क्रम धरला. यावरून एकीकडे शिस्त व दुसरीकडे शैथिल्य असा निवाडा केला जातो. तो वरवरचा आहे. उबुंटूमागे वेतन देणारी कंपनी होती, आणि तिलाही २००६ ची एप्रिलची आवृत्ती जूनपर्यंत लांबवावी लागली.

वेतनाने तारीख साधते काय, हा प्रयोग डेबियनमध्येही झाला. २००६ मध्ये काही सदस्यांनी निधी उभारून आवृत्तीच्या दोन व्यवस्थापकांना मोबदला देऊ केला. तारीख ४ डिसेंबर होती. आवृत्ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. मध्यंतरी विनामूल्य काम करणाऱ्या अनेकांत असंतोष पसरला. इचलकरंजीच्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकास व्यापारी सूत देतो व मजुरी ठरवितो, म्हणून तो मुदतही मागू शकतो. जेथे बहुतेकांना मजुरीच नाही, तेथे दोघांना ती देऊन बाकीच्यांवर मुदतीचा अधिकार कसा प्राप्त होणार? स्वयंसेवकास आज्ञा करता येत नाही. त्याचे काम अमुक दिवसानंतर या आवृत्तीत घेतले जाणार नाही, एवढेच सांगता येते.

हे तत्त्व जुलै २००९ मध्ये स्पष्टपणे स्वीकारले गेले. प्रकाशनाची तारीख मोकळी ठेवून गोठवणीची तेवढी बांधून घ्यावी, विषम वर्षीच्या डिसेंबरात गोठवण करावी, असा निर्णय जाहीर झाला. विचार योग्य होता, रीत चुकली. पहिली गोठवण त्याच डिसेंबरात, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांवर ठेवलेली होती. विरोध झाला, तारीख मागे घ्यावी लागली, आणि प्रत्यक्ष गोठवण ऑगस्ट २०१० मध्ये होऊन आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बीम चढण्याचा दिवस मागवाल्यास आधी कळला पाहिजे, ही साधी गोष्ट येथे सुटली होती.

मराठी वाचकाचा संबंध नेमका येथे पोहोचतो. १४ फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीत डेबियनच्या स्थापनेसाठी मराठी भाषा प्रथम उपलब्ध झाली. देवनागरीची जोडाक्षरे साध्या अक्षरपटलावर नीट उमटत नाहीत. २००७ च्या आवृत्तीत चित्रमय स्थापनापद्धती आल्यामुळे ती वाट मोकळी झाली. परंतु अनुवादक या साखळीत सर्वांत शेवटी उभा असतो. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला, तरी त्याचे भाषांतर संशयास्पद ठरून बाजूस पडते आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी वाक्य उमटते. ‘तयार होईल तेव्हा’ या सूत्रात कार्यक्रम लिहिणाऱ्यास जी मोकळीक आहे, तीच अनुवादकाच्या वाट्यास अनिश्चितता म्हणून येते. कारण ‘तयार’ म्हणजे मराठीतही तयार, असे त्या सूत्रात कोठे म्हटलेले नाही. त्याला हवी असते ती वाक्ये स्थिर होण्याची तारीख. आवृत्ती कधी निघते, हा त्याच्यापुरता नंतरचा प्रश्न होय.

९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या तेराव्या आवृत्तीत गोठवणीचे टप्पे होते : १५ मार्च, १५ एप्रिल, १५ मे आणि २७ जुलै. प्रत्येक टप्प्यावर दार थोडे थोडे मिटत गेले. २००९ ची चूक बऱ्याच अंशी सुधारली, असे यावरून म्हणता येते. मात्र या क्रमाचे मोजमाप संकुलांचे आहे, वाक्यांचे नव्हे. त्यापुढील आवृत्तीचे नाव ‘फोर्की’ असे ठरविण्यात आले.