गरिबाची लाख: नक्कल म्हणावी की कला?

श्रोतेहो, आजचा विषय इटलीतल्या जुन्या फर्निचरचा आहे. अमरावती-अकोल्यात बसून व्हेनिसच्या कपाटांचं काय करायचं, असं कोणाला वाटेल. थोडं थांबा, विषय आपल्या घरापर्यंत येतो.

अठराव्या शतकात चीन-जपानच्या लाखकामाचं युरोपला वेड लागलं होतं. ते काम एका झाडाच्या चिकापासून होतं आणि तो चीक दमट हवेत वाळून कडक होतो. ताजा चीक युरोपपर्यंत टिकत नसे. मग व्हेनिसच्या कारागिरांनी आपली वाट काढली. लाकडावर खडूची पूड आणि सरस यांचा थर द्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, त्यावर चित्र काढायचं आणि वरून सँडरॅक नावाच्या राळेच्या रोगणाचे एकावर एक हात मारायचे.

हेही ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी छापील चित्रं होती. बास्सानो गावचा रेमोंदिनी छापखाना कापून चिकटवण्याजोगे कागद छापत असे. ते रंगवायचे, कापायचे, कपाटावर चिकटवायचे आणि रोगणाखाली बुडवायचे. याला पुढे ‘लाक्का पोव्हेरा’, म्हणजे गरिबाची लाख, असं नाव पडलं. आपला वऱ्हाडी माणूस पाहून म्हणेल, “हे तं कागद चिपकवले हायेत नं भाऊ!” बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की ते चिकटवले कसे?

दोष आधी सांगतो. चिनी माणूस, शिकारी, फुलपाखरू, सगळे एकाच पाटीवर येतात. कधी फुलपाखरू माणसाएवढं होतं. जमीन नाही, सावली नाही. जपानी कामातली रिकामी जागा जशी बोलते, तशी इथे दर वेळी बोलत नाही. चीनची नक्कल म्हणून हे काम फसलंच आहे. पण चांगल्या कपाटावर कापणाऱ्याची नजर दिसते: कोणतं चित्र दाराच्या मधोमध, कोणतं खणाच्या कोपऱ्यात. छाप दुसऱ्याची असली तरी मांडणी त्याची आहे. म्हणून या कामाचं मोल मांडणीवर ठरवावं, असं आम्हाला वाटतं.

आणि गंमत बघा. ‘लाक्का’ हा शब्द आपल्या ‘लाक्षा’पासून, अरबी-फारसीमार्गे तिकडे गेला. आपली लाख झाडाचा चीक नव्हे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरचा किडा ती तयार करतो. फिलिप्पो बोनान्नी यांनी १७२० साली चिनी रोगणावर रोममध्ये ग्रंथ छापला, तेव्हा युरोपच्या हाती असलेल्या पदार्थांत ही लाखही होती. म्हणजे वऱ्हाडात फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाचा या नकलेशी दूरचा का होईना, संबंध आहे.

आपल्याकडेही असंच घडलं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफा रंगवून त्यावर लाख चढवली. दशावतारी गंजिफेची १२० पानं हाताने रंगवलेली. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना कुणी जरी लावली, कुणी टिकल्या. छापलेलं चित्र हजारोंचं, पण जरी लावलेलं चित्र एकाच घरचं! व्हेनिसच्या कपाटाचीही हीच गोष्ट आहे.

आता मुद्द्याचं. जुने वाडे मोडताना रंगीत पेट्या, देव्हारे, कपाटं निघतात. “नकली काम आहे” म्हणून ती खरवडून, नवं पॉलिश करून विकली जातात. कृपा करून तसं करू नका. चपडी असो की सँडरॅक, दोन्ही स्पिरिटमध्ये विरघळतात. एका बोळ्याने वरचं रोगण जातं, आणि मग खालचा रंग आणि कागद उघडे पडतात. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा, फोटो काढा, जाणकाराला दाखवा. मूळ लाखकामाचे नमुने संग्रहालयं सांभाळतील. गरिबाची लाख मात्र घरातल्या माणसानेच सांभाळायची आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.