ब्लॉक पार्टी : गाणं त्यांचं, गल्ली कुणाची?

विनोदी नट डेव्ह शॅपेल यानं 18 सप्टेंबर 2004 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात एका गल्लीच्या तोंडाशी मंच टाकला आणि हिपहॉपवाले गायला बोलावले. कान्ये वेस्ट, मॉस डेफ, एरिका बाडू, डेड प्रेझ, शेवटी फुजीज. पाऊस आला तरी माणसं हलली नाहीत. मिशेल गोंद्रीनं त्याचा सिनेमा केला. ‘डेव्ह शॅपेल्स ब्लॉक पार्टी’ ह्या नावानं तो 2006 साली थेटरात लागला.

दोस्तहो, सिनेमा पाहाच. पण नुसत्या टाळ्या वाजवून उठू नका.

आधी त्याची ताकद सांगतो. काळ्यांची वस्ती पडद्यावर आली की मागोमाग पोलिसाची गाडी येते, ही तिथली जुनी रीत. इथं माणसं हसतात, नाचतात, चेष्टा करतात. शॅपेल ओहायोतल्या आपल्या गावात तिकिटं वाटत फिरतो. सेंट्रल स्टेट ह्या काळ्यांच्या विद्यापीठाचं बँडपथक तो न्यूयॉर्कला नेतो, तेव्हा ती पोरं आनंदानं उड्या मारतात. दबलेल्या माणसाच्या आनंदाला चैन म्हणणाऱ्यानं ही पोरं बघावीत.

लॉरिन हिलची तर तऱ्हाच. तिची एकटीची गाणी वापरायला रेकॉर्ड कंपनीनं नकार दिला. मग ती जुन्या साथीदारांना घेऊन आली आणि फुटलेला फुजीज पुन्हा उभा राहिला. लोक खूष! पण गळा तिचा आणि मालकी कंपनीची, हे सिनेमा हसत हसत सांगतो नि पुढं सरकतो.

हे पुढं सरकणंच मला खटकतं. मंचावर फ्रेड हॅम्प्टन ज्युनियर येऊन बोलतो. त्याचा बाप शिकागोतला ब्लॅक पँथरचा नेता. 4 डिसेंबर 1969 ला पहाटे पोलिसांनी त्याला घरात घुसून मारला. वय अवघं 21. त्याच पँथरवरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच सिनेमात वायक्लेफ जाँ बँडच्या पोरांना सांगतो, गोऱ्यांना दोष देत बसू नका, वाचनालयात जा. वाचावं, जरूर वाचावं. पण हॅम्प्टन वाचत नव्हता म्हणून मेला काय? दोन बोलणी समोरासमोर येतात, आणि दिग्दर्शक त्यांना भिडू देत नाही. गाणं सुरू!

आणि गल्ली? हिपहॉपचा जन्म सांगतात तो 11 ऑगस्ट 1973 चा. ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कच्या बहिणीला शाळेच्या कपड्यांना पैसे हवे होते, म्हणून राहत्या इमारतीतच पार्टी ठेवली. जागा त्यांची, गरज त्यांची. शॅपेलच्या मंचामागं ‘ब्रोकन एंजल’ नावाचं वेडंवाकडं घर दिसतं. त्याला 2006 मध्ये आग लागली, राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला पुढं ते सोडावं लागलं, नि बिल्डरनं तिथं विकायचे फ्लॅट केले. आजूबाजूची घरंही महागत गेली. गाणं गाजलं म्हणून कुणाचं भाडं थांबलं नाही.

शॅपेलला ह्याचा जाब विचारायचा नाही, बिल्डर त्यानं आणला नव्हता. पण वस्तीचा उत्सव करणाऱ्या सिनेमानं वस्तीतल्या माणसाला एकदा तरी विचारायला हवं होतं : बाबा, तू उद्या इथं राहशील का?

आपल्या वस्तीत कॅमेरा येईल तेव्हा हाच प्रश्न आपण आधी विचारू. मग खुशाल नाचू.