‘शिमोत्सुमा मोनोगातारी’तील वेशविचार

जपानी तरुणींच्या ‘कावाई’, म्हणजे गोजिरवाण्या, वेशाची बालिशपणात गणना करण्याचा प्रघात आहे. नोवाला ताकेमोतो यांची ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ (२००२) ही कादंबरी या समजाची फेरतपासणी करावयास लावते. नायिका मोमोको इबाराकी प्रांतातील भातशेतीच्या प्रदेशात राहते. तथापि झालरींचा झगा आणि टोपडे असा ‘लोलिता’ वेश धारण करून ती आगगाडीने टोकियोतील दाइकानयामा येथे खरेदीस जाते. अठराव्या शतकातील फ्रेंच रोकोको हा तिचा आदर्श होय. गावकऱ्यांचा उपहास सोसून पाळलेला हा वेश बालिश नव्हे, तर एक प्रकारचे व्रतच ठरतो.

या व्रतास लागणारे द्रव्य मात्र ती पित्याच्या नकली मालाच्या विक्रीतून उभारते. अस्सलाचा ध्यास नकलेवर पोसला जावा, हा विरोध लेखकाने विनोदावारी सोडून दिला आहे, हे कादंबरीचे उणे म्हटले पाहिजे.

परंतु तो माल घेण्यास आलेली, फटफटीवाल्या मुलींच्या टोळीतील इचिगो कथेला निराळे वळण देते. तिच्या लांब डगल्यावर मोमोको भरतकाम करते आणि विकत घेणारी मुलगी घडविणारी होते. दोघींचे वेश परस्परविरुद्ध असले, तरी समाजाने नेमून दिलेले रूप दोघींनीही नाकारलेले आहे. तेत्सुया नाकाशिमा यांच्या २००४ च्या चित्रपटात रंगांची उधळण अधिक आहे. कादंबरीचे मर्म मात्र वस्त्रात नसून सुईत आहे.