अडलेली गाय आणि खचलेला लोहार

सुमित्रा भावे यांच्या ‘दिठी’ या चित्रपटात रामजी लोहाराला समजावणारी माणसं पुष्कळ आहेत. त्याचा तरुण मुलगा नदीच्या पुरात गेला. रामजी तीस वर्षं वारी केलेला, आणि भोवती बसलेले त्याच्याबरोबर चाललेले, त्याच्याबरोबर पोथी ऐकलेले सोबती. ते मनापासून बोलतात. देह जातो, आत्मा राहतो, हे रामजीलाही पाठ आहे. कुणाच्या तरी दारात बसून त्यानेही ते सांगितलं असेल. आज मात्र यातला एकही शब्द त्याच्या आत उतरत नाही. घरात सुनेला नुकतीच मुलगी झाली आहे, तिच्याकडे बघायलाही त्याला नको वाटतं. बाहेर पाऊस लागून राहिलेला.

किशोर कदम यांचा रामजी मला फार मोलाचा वाटतो तो त्याच्या जडपणामुळे. दुःख म्हटलं की आपल्या पडद्यावर लगेच हंबरडा येतो. इथे उठणं, बसणं, समोरच्याकडे मान वळवणं, सगळंच ओझं झालेलं आहे. खचलेल्या माणसाच्या घरात जे राहिलेत त्यांना हा जडपणा लगेच ओळखू येईल. आंघोळ राहून जाते, ताट तसंच सरकवलं जातं, आणि घरचे म्हणतात, ‘जरा मन रमव कशात तरी.’ मन रमवायचं ते मनच जागेवर नसतं, हे त्यांना कळत नाही. त्यात त्यांचाही दोष नसतो.

मग गावातल्या पारूची गाय अडते. सगुणा तिचं नाव. अडलेली गाय सोडवण्यात रामजीचा हात चांगला, हे गावाला ठाऊक आहे, आणि या क्षणी दुसरा कुणी नाही. रामजी उठतो. चित्रपटाचा सगळा भार या एका उठण्यावर आहे, आणि भावे यांनी त्याला कसलाही उजाळा दिलेला नाही. उपदेशाचा परिणाम झाला म्हणून तो उठत नाही, बरं वाटलं म्हणूनही उठत नाही. एक जनावर कळा देतंय, एवढंच कारण.

गोठा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही घालमेल ठाऊक असते. वासरू आडवं असलं तर हात आत घालून पाय चाचपायचे, डोकं कुठे आहे ते बोटांनी ओळखायचं, कळ येईल तेव्हाच ओढायचं आणि कळ थांबली की थांबायचं. घाई केली तर गाय आणि वासरू दोन्ही हातचे जातात. यावेळी माणसाचं सगळं लक्ष बोटांच्या टोकाशी गोळा झालेलं असतं. रामजी मुलाला विसरतो असं नाही. पण किती दिवसांनी प्रथमच, दुसऱ्या जिवाच्या वेदनेला उत्तर देण्याइतका तो मोकळा होतो. वासरू बाहेर येतं तेव्हा जन्म आणि मरण ही त्याच्यापुरती दोन वेगळी खाती उरत नाहीत. सोबत्यांनी शब्दांत सांगितलेलं त्याला हातांतून कळतं.

हा चित्रपट दि. बा. मोकाशी (१९१५-१९८१) यांच्या ‘आता आमोद सुनासी आले’ या कथेवर उभा आहे. कथेचं शीर्षक ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणातलं. अनुभव आणि अनुभवणारा यांतलं अंतर मिटण्याची ती अवस्था. मोकाशी रेडिओ दुरुस्तीचं काम करणारे लेखक; हातांनी काम करणाऱ्याच्या तंद्रीची त्यांना जवळून ओळख होती, असं ही कथा वाचताना सारखं वाटतं. अद्वैतासारखी अवघड गोष्ट ते गोठ्यात, चिखलात आणून सोडतात. ‘दिठी’ लोकांपुढे आला मे २०२१ मध्ये; सुमित्रा भावे त्याआधी महिनाभर, १९ एप्रिलला गेल्या होत्या. घरोघरी कोविडचा शोक होता. त्या दिवसांत रामजीची गोष्ट कुणालाच परकी नव्हती.

त्याआधी भावे आणि सुनील सुकथनकर यांनी थेट नैराश्यावरच ‘कासव’ केला होता. जीव द्यायला निघालेला तरुण (आलोक राजवाडे) जानकीला (इरावती हर्षे) भेटतो. ती स्वतःही मोडलेल्या संसारातून आणि मनाच्या अंधारातून सावरत आलेली. ती त्याला देवगडच्या घरी ठेवून घेते आणि खोदून खोदून काही विचारत नाही. किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची राखण चालू आहे. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते, पिल्लं आपली आपण समुद्राकडे सरकतात, माणसांनी फक्त वाट निर्धोक ठेवायची. जानकीही त्या मुलासाठी तेवढंच करते. कासवाचं रूपक इथे थोडं अधिक समजावलं जातं, असं माझं मत आहे. ‘दिठी’ला गाईचं रूपक करावं लागत नाही, गाय गायच राहते, म्हणून तो मला वरचढ वाटतो. पण जानकीचं न विचारणं हे ‘कासव’चं मोठं देणं आहे. आजारी मनाला एवढी मोकळी जागा देणारं माणूस आपल्या पडद्यावर क्वचितच दिसलं.

७ एप्रिल २०१७ रोजी ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, असं हा कायदा सांगतो. जानकीने तिच्या घरात जे केलं, ते देशाने कागदावर मान्य केलं.

दोन्ही चित्रपटांत एक जनावर जन्म देतं किंवा जन्माला येतं आणि खचलेला माणूस तिथे हजर असतो, हा योगायोग मला वाटत नाही. भावे यांना जे दिसलं ते गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या नैराश्यावरच्या कामाशी जुळतं. मन तयार होण्याची वाट न बघता माणसाच्या रोजच्या आयुष्यातलं छोटं, अर्थपूर्ण काम आधी सुरू करायचं, मन मागून येतं, हे त्यांच्या पद्धतीचं सूत्र. बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. भेटी सहा ते आठ. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांचा हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आला. तीन महिन्यांनी या पद्धतीने उपचार झालेल्यांत ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

इथे खानदेशात, शहाद्यात बसून हे चित्रपट पाहताना देवगडचा समुद्र लांबचा वाटतो, रामजीचा पूर नाही. गोमाई गावाजवळून वाहते, पुढे प्रकाशाला तापीला मिळते, आणि पावसाळ्यात या नद्या कुणाचं तरी माणूस नेतात. पपईचा भाव पडला, कापूस भिजला, की इथलाही माणूस असाच जड होतो. तरी सकाळी ढोरांना चारा टाकायला तो उठतो, कारण ढोरं थांबत नाहीत. कित्येक घरांत माणूस या एवढ्याशा सक्तीने तग धरून राहिला आहे. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि सासरचं सोसलेलं सगळं त्यात ओततात. वर्षभर जे कुणासमोर बोलता आलं नाही ते चालीवर म्हटलं की कुणी अडवत नाही. सातपुड्यात होळीला अंगावर नक्षी काढून, घुंगरं बांधून, व्रत पाळून रात्रभर नाचतात. या गोष्टी कुणी उपचार म्हणून सुरू केलेल्या नाहीत, आणि त्यांना उपचार म्हणून मिरवूही नये. त्यांनी माणसाला हात, गळा, पाय चालू ठेवायला लावलं, हे मात्र खरं.

ज्याच्याकडे गाय नाही, जमीन नाही, जो दर हंगामाला ऊसतोडीसाठी गुजरातेत जातो, त्याचं काय, हा प्रश्न ‘दिठी’ने सोडवायचा नाही. तो आरोग्य केंद्राने सोडवायचा आहे. आणि रामजीचा शोक एका रात्रीत वळला म्हणून प्रत्येकाचा वळेल असंही नाही. आठवड्यामागून आठवडे झोप उडालेली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर औषध लागतं आणि ते वेळेवर लागतं. मनाच्या आजारांसाठीच्या ‘टेलि-मानस’ या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फोन रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं. शहादा-तळोद्याच्या महाविद्यालयांनी ‘दिठी’ दाखवावा, आरोग्य केंद्रांच्या आशाताईंना पहिल्या रांगेत बसवावं आणि चित्रपट संपल्यावर तो क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.