‘नो डिस्क’ हे कोण म्हणतंय?

फोनवर एक प्रकारचे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. धूळ खात पडलेला सीडी प्लेयर टेबलावर येतो. डिस्क घातली की डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं उमटतात. मग झाकण उघडतं, इअरबडला स्पिरिट लावून लेन्स पुसली जाते. तेवढ्यावर भागलं नाही तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने एक प्रीसेट किंचित फिरवला जातो आणि आठव्या मिनिटाला गाणं सुरू होतं. व्हिडिओ संपतो. आपण अंगठा सरकवतो.

आपण कादंबऱ्यांची समीक्षा करतो, सिनेमांची आणि वेबमालिकांचीही करतो. या व्हिडिओंची कुणी करत नाही. पण त्यांनाही पक्कं कथानक असतं: मरण, शस्त्रक्रिया, पुनर्जन्म. माझा आक्षेप त्या शेवटाला आहे. गाणं वाजलं म्हणजे दुरुस्ती झाली, हे कॅसेट प्लेयरच्या बाबतीत बऱ्यापैकी खपलं असतं. सीडी प्लेयरच्या बाबतीत ते खपत नाही. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्याची किंमत यंत्रापेक्षा डिस्कला जास्त मोजावी लागते.

आधी यंत्र काय लपवतं ते पाहू. कॅसेटचं हेड मळलं की आवाज दबतो. टेप ताणली गेली की गायक हेलकावे खायला लागतो. कॅसेट आपलं दुखणं आवाजातच सांगते. सीडी ते शेवटपर्यंत कळू देत नाही, कारण तिची रचनाच तशी आहे. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते आणि तिच्या दोन वेढ्यांत अंतर असतं १.६ मायक्रोमीटर. त्या रेघेवरचे सूक्ष्म खड्डे ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा लेझर वाचतो. प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे.

एवढ्या बारीक वाचनात चुका होणारच, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून गाण्याचे आकडे सलग लिहिलेले नसतात. तुकडे करून ते दूरदूर पेरलेले असतात आणि जोडीला पडताळणीचे जादा आकडे असतात. ओरखडा पडला तर गाण्याचा सलग तुकडा जात नाही, ठिकठिकाणचे कण जातात. ते कण यंत्र गणिताने परत मिळवतं. रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान असं पूर्ण भरून निघतं. त्यापुढे यंत्र अंदाज बांधतं, म्हणजे मागचा आणि पुढचा आकडा पाहून मधला ठरवतं. तेही जमलं नाही तर तेवढा क्षण गप्प बसतं किंवा अडखळतं.

म्हणजे लेझर थकत जातो, चुका वाढत जातात आणि आवाज मात्र तसाच राहतो. मग एके दिवशी, काही पूर्वसूचना न देता, प्लेयर अडकायला लागतो. शेवटी ‘नो डिस्क’. या दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. डिस्क आत गेली की प्लेयर लेन्स वर-खाली हलवून आधी फोकस शोधतो, मग सर्वांत आतल्या कडेला असलेली अनुक्रमणिका वाचतो. यांतलं एकही जमलं नाही की डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ येतं. वाक्य डिस्कविषयीचं वाटतं. पण ते ‘मला दिसत नाही’ असं यंत्राचं बोलणं असतं.

आता त्या प्रीसेटकडे येऊ. पिकअपवरचा, म्हणजे दुकानात ज्याला नुसतं ‘लेन्स’ म्हणतात त्या भागावरचा, तो स्क्रू लेझरला किती करंट मिळावा हे ठरवतो. फिरवला की प्रकाश वाढतो आणि न दिसणारं दिसू लागतं. कॅमेऱ्यासमोर चमत्कार होतो. पण लेझर थकला असेल तर जादा करंटने तो आणखी तापतो आणि आणखी लवकर संपतो. दोन महिन्यांनी त्या प्लेयरचं काय झालं, हे सांगणारा दुसरा भाग क्वचितच येतो.

हात नेमका त्याच स्क्रूकडे का जातो, यालाही कारण आहे. जुन्या प्लेयरांत फोकस आणि ट्रॅकिंगच्या जुळवणीसाठी बोर्डावर वेगवेगळे प्रीसेट असत. ऑसिलोस्कोप लावून लेझरचा सिग्नल पाहायचा, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांमध्ये स्वच्छ शंकरपाळीचे आकार दिसेपर्यंत जुळवायचं, अशी ती रीत. तंत्रज्ञ त्या आकृतीला ‘डोळा’ म्हणतात. डोळा धूसर म्हणजे वाचन डळमळीत, मग गाणं कितीही छान वाजो. नंतरच्या बहुतेक प्लेयरांत ही जुळवणी चिप स्वतःच करू लागली. बाहेरून फिरवता येईल असा एकच स्क्रू उरला आणि सगळा दोष त्याच्यावर आला.

खरा क्रम कंटाळवाणा आहे, म्हणून तो व्हिडिओत बसत नाही. आधी दुसरी, चांगली कंपनीची डिस्क लावून पाहायची. मग लेन्स पुसायची, हलक्या हाताने. मग पिकअप ज्या दांड्यांवरून सरकतो त्यांचं सुकलेलं ग्रीस काढून नवं लावायचं, कारण मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आणि काळ्या मातीच्या धुळीत ते गोंदासारखं होतं. ट्रेचा सैल झालेला रबरी बेल्ट, झिजलेली स्पिंडल मोटर, फुगलेले कंडेन्सर, तडकलेलं सोल्डर हे एकेक तपासायचं. पहिली गाणी नीट आणि शेवटची अडकत असतील, तर सीडी आतून बाहेर वाचली जाते हे आठवायचं आणि दांड्यांकडे, मोटरकडे किंवा डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे संशयाने बघायचं. हे सगळं झाल्यावर मोजमाप. सोनीच्या बऱ्याच पिकअपच्या लेबलवर मूळ करंट लिहिलेला असतो. तीन अंक ४७५ असतील तर ४७.५ मिलिअँपिअर. मोजलेला करंट त्याहून बराच जास्त निघाला तर लेझर म्हातारा झालाय. तेव्हा स्क्रू फिरवण्यापेक्षा पिकअप बदलणं खरं. आणि हात लावायचाच असेल तर प्रीसेटची मूळ जागा आधी मार्करने खुणावून ठेवायची.

एक गोष्ट मात्र कुठल्याही समीक्षेच्या आधीची. झाकण उघडं असताना लेन्समध्ये डोकावायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही. आणि स्वस्त प्लेयरांच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

या सगळ्याचा हिंगोलीशी काय संबंध? ‘व्हिंटेज सीडी प्लेयर’ म्हटलं की इंग्रजी व्हिडिओंत फिलिप्सचे जुने जडशीळ मॉडेल येतात, अमुक चिपचा ‘उबदार’ आवाज येतो, किंमती येतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या पाच तालुक्यांत, हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ, घरात आलेलं पहिलं डिस्कचं यंत्र बहुधा व्हीसीडी प्लेयर होतं. टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेलं, पुढे कराओकेच्या माइकची भोकं असलेलं. त्याला कुणी व्हिंटेज म्हणत नाही, भंगारवाला किलोवर नेतो. पण आतला लेझर, लेन्स, दांड्या आणि चुका भरून काढायचं मूळ गणित तेच. जुन्या वस्तूंच्या कौतुकात हे यंत्र बसत नाही, ही त्या कौतुकाची मर्यादा आहे.

या प्लेयरांत काय वाजत होतं हे महत्त्वाचं. राम फाटकांच्या चालीतला भीमसेन जोशींनी गायलेला नामदेवांचा अभंग हरवण्याची भीती नाही, तो आज फोनवर दोन सेकंदांत मिळतो. पण गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाचा कार्यक्रम, लग्नाचं शूटिंग हे गावातल्या किंवा तालुक्याच्या स्टुडिओने कोऱ्या डिस्कवर बर्न करून दिलेलं असायचं. त्याची दुसरी प्रत कुठल्याही ॲपवर नाही. आणि बर्न केलेल्या डिस्कवर खड्डे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाच्या थरावर लेझरने उमटवलेल्या खुणा असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर उतरत जातो. शिवाय माहितीचा थर चकचकीत बाजूपेक्षा लेबलच्या बाजूला जवळ असतो, त्यामुळे वर बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव ओरखड्याइतकंच घातक ठरू शकतं.

म्हणजे डिस्क अशक्त आणि वाचणारा लेझरही अशक्त. दोघांची गाठ पडली की ‘नो डिस्क’. घरातलं कुणी म्हणतं, सीडी खराब झाली, टाकून दे. यंत्राचा दोष डिस्कच्या माथी बसतो. आजीचा आवाज ज्या एकाच जागी उरला आहे ती जागा कचऱ्यात जाते. आठ मिनिटांच्या व्हिडिओतली ‘वाजलं की झालं’ ही समजूत इथे अशी उलटी फिरते: नाही वाजलं, म्हणजे संपलं.

नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यातलं, म्हणून एक तुलना सुचते. भजनातही चुका भरून काढायची सोय असते. ध्रुपद परत परत येतं, यमक पुढच्या शब्दाची आठवण देतं, एखादा टाळकरी शब्द विसरला तर बाकीचे उचलून धरतात. सीडीवरच्या जादा आकड्यांचं काम हे असंच आहे. पण एक मोठा फरक आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे आणि इतर नाम्यांचे अभंग मिसळले, हे अभ्यासकांना कळलं, कारण वेगवेगळ्या पोथ्या समोरासमोर ठेवता आल्या. १६०४ साली संकलित झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं वेगळ्या वाटेने जपली गेली, तीही ताडून पाहता येतात. परंपरेने केलेल्या दुरुस्त्यांवर वाद घालता येतो. प्लेयर दुरुस्ती करतो, अंदाज बांधतो आणि त्याची कुठेही नोंद दाखवत नाही. म्हणून त्याची समीक्षा आपल्याला करावी लागते. हे पाठचिकित्सेचंच काम आहे: जे ऐकू आलं ते मुळात तिथे होतं, की मधल्या कुणी भरलं?

यावर कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घाला, कॉपी करा, विषय संपला. प्रतीपुरतं ते बरोबरच आहे आणि आधी तेच करावं. ऑडिओ सीडीसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखे प्रोग्राम एकच जागा पुन्हा पुन्हा वाचून निकाल ताडून पाहतात आणि जिथे जुळत नाही तिथे तसं सांगतात. पाठभेदांची टीपच ती. पण कॉपी झाल्यावरही प्लेयर दुरुस्त करण्यात अर्थ उरतो. उघडून, पुसून, मोजून पाहिलेल्या यंत्राचं म्हणणं आपण आंधळेपणाने ऐकत नाही. फोनवर रोज आपल्यासमोर येणारी किती तरी यंत्रं अशाच आत्मविश्वासाने ‘सापडलं नाही’ म्हणतात. ती आपण उघडू शकत नाही. हे एक उघडता येतं.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. प्रीसेट फिरवण्याआधीचा आणि नंतरचा करंट दाखवा. जुनी, बर्न केलेली डिस्क शेवटच्या ट्रॅकपर्यंत वाजवून दाखवा. दोन महिन्यांनी परत तोच प्लेयर सुरू करा. आणि ज्यांच्या घरी कपाटात बॉलपेनने नावं लिहिलेल्या डिस्क अजून आहेत, त्यांनी एवढंच करावं: एका यंत्राने ‘नो डिस्क’ म्हटलं तर दुसऱ्याला विचारावं, मग तिसऱ्याला. टाकून द्यायचा निर्णय एकाच्या साक्षीवर घेऊ नये.