अवघड कशाला म्हणायचे? मराठी शब्दकोड्याची पातळी

मराठीत शब्दकोडे रोज सुटते, पण त्याची समीक्षा होत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, साप्ताहिकाच्या शेवटी, दिवाळी अंकात राशिभविष्याच्या शेजारी त्याची जागा ठरलेली असते. ते भाषेने भाषेविषयी रचलेले असते, तरी आपण त्याला विरंगुळ्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो. आता ही कोडी छापील पानापुरती उरलेली नाहीत. शिक्षक वर्गासाठी, ग्रंथालये सभासदांसाठी आणि हौशी मंडळी कोणासाठीही कोडी रचून विनामूल्य वाटतात. त्यांवर ‘सोपे’, ‘मध्यम’ आणि ‘अवघड’ असे शिक्केही असतात. हे शिक्के कशाच्या आधारावर मारले जातात, हा या लेखाचा प्रश्न आहे. मराठी कोड्यात अवघडपणा बहुधा शब्दाच्या दुर्मीळपणावर मोजला जातो. तो सूत्राच्या घडणीवर मोजायला हवा आणि त्याला न्यायाची अट असायला हवी, असे येथे मांडायचे आहे. सूत्र म्हणजे उत्तर शोधण्यासाठी दिलेले वाक्य आणि घर म्हणजे चौकटीतला एक चौकोन, या अर्थाने हे शब्द पुढे वापरले आहेत.

पातळीची कल्पना

आजच्या शब्दकोड्याचा जन्म 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत झाला. आर्थर विन याने रचलेली ती चौकट हिऱ्याच्या आकाराची होती आणि तिच्यात एक शब्द आधीच भरून दिलेला होता. खेळ नवा असल्याने वाचकाला वाट दाखवणे रचनाकाराला आवश्यक वाटले असावे. 1924 मध्ये सायमन आणि शुस्टर यांनी कोड्यांचे पहिले पुस्तक काढले, तेव्हा सोबत पेन्सिलही दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या खेळाची आधी टिंगल केली आणि 15 फेब्रुवारी 1942 पासून तो स्वतःच छापायला घेतला. तिथे पुढे सोमवारचे कोडे सर्वांत सोपे आणि शनिवारचे सर्वांत अवघड, हा रिवाज रुजला. रविवारचे कोडे आकाराने मोठे असते, पण शनिवारइतके अवघड नसते.

या रिवाजात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सोमवारी आणि शनिवारी उत्तर तेच असू शकते, सूत्र मात्र बदलते. सोमवारचे सूत्र शब्दाचा पहिला अर्थ सांगते. शनिवारचे सूत्र त्याच शब्दाचा तिसरा अर्थ सांगते किंवा वाक्य असे रचते की वाचक आधी भलतीकडे जातो. पातळी ठरवण्याचे काम मुख्यतः सूत्र करते.

अक्षराचे गणित

हा रिवाज मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही, कारण आपले घर वेगळे आहे. इंग्रजी कोड्याच्या घरात 26 पैकी एक अक्षर बसते. मराठीत 34 व्यंजने धरली आणि प्रत्येकाची 12 रूपे मोजली तरी 408 शक्यता होतात आणि त्यात जोडाक्षरे अजून आलेलीच नाहीत. म्हणून छेदावर जुळणी साधणे मराठीत फार कठीण जाते. ‘संध्याकाळ’ आडवा घेतला तर ‘ध्या’च्या घरातून खाली ‘ध्यान’ सोडता येतो. शेवटच्या ‘ळ’च्या घरातून मात्र काहीच खाली सुरू करता येत नाही, कारण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. तिथे ‘बाळ’ किंवा ‘केळ’ वरून आणून संपवावा लागतो. मराठी चौकटीत काळी घरे जास्त का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. त्यात रचनाकाराचा आळस दरवेळी नसतो.

सोडवणाऱ्याची बाजू याच्या बरोबर उलट आहे. इंग्रजीत एक छेद मिळाला तर सहा अक्षरी शब्दाचा एक षष्ठांश भाग कळतो. मराठीत ‘पाणी’ या शब्दाचे एक घर भरले की अर्धा शब्द हाती येतो, तोही मात्रेसकट. अमेरिकी चौकटीत तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. तो नियम आपण लावला तर आई, पाणी, वारा, भाजी असे घरातले निम्मे शब्द बाहेर जातील.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. 1962 च्या लेखननियमांनुसार ‘गती’ एकटा असताना दीर्घ आणि ‘गतिमान’ या शब्दात ऱ्हस्व लिहिला जातो. हे दोन्ही शब्द छेदावर आणले तर ‘ती’ आणि ‘ति’ जुळत नाहीत. काही रचनाकार अशा वेळी वेलांटीकडे काणाडोळा करतात. तसा संकेत असायला हरकत नाही, पण तो कोड्याच्या माथ्यावर लिहिलेला हवा. मूल शुद्ध लिहिते आणि कोडे त्याला चूक ठरवते, अशी वेळ येऊ नये.

संगणकाने या गोष्टीत भर घातली आहे. ‘विद्या’ हा शब्द वाचकासाठी दोन घरांचा आहे. यंत्राच्या नोंदीत मात्र व, वेलांटी, द, हलन्त, य आणि काना अशी सहा चिन्हे असतात. रोमन लिपीसाठी बनवलेल्या साधनात हा शब्द घातला तर तो सहा घरांत फुटतो किंवा अर्धवट राहतो. विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या मराठी कोड्यांत सोपेच शब्द चुकीच्या घरसंख्येने दिसतात, त्याचे कारण अनेकदा हे असते. ‘सोपे’ असा शिक्का असलेले असे कोडे प्रत्यक्षात सुटण्याजोगेच राहत नाही.

अवघड शब्द आणि अवघड सूत्र

चौकट जुळवताना रचनाकार अडला की संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोठारात जातो. तिथे दोन घरांचे, मात्रा नसलेले शब्द मुबलक मिळतात: नग म्हणजे पर्वत, खग म्हणजे पक्षी, रव म्हणजे आवाज. एखाद-दुसरा असा शब्द चालतो. पण कोड्याचा अर्धा भाग त्यांनी भरला आणि वर ‘अवघड’ असे लिहिले, तर तो अवघडपणा खोटा आहे. ‘खग’ ज्याला ठाऊक आहे त्याला विचार करावा लागत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही विचार केला तरी उपयोग होत नाही. दोघांच्याही बुद्धीला काम मिळालेले नसते.

खरी पातळी कशी दिसते, ते ‘पाणी’ या एकाच उत्तरावर पाहता येईल. पहिले सूत्र असे: ‘तहान लागली की हे हवे’. दुसरे: ‘हे तोंडाला सुटते, डोळ्यांत येते आणि कुणाच्या तोंडचे पळते’. तिसरे: ‘मोत्याला असते, पात्याला देतात, तहान मात्र भागवत नाही’. उत्तर तिन्ही ठिकाणी घरातलेच आहे. पहिल्या पातळीवर वस्तू ओळखायची आहे, दुसऱ्या पातळीवर वाक्प्रचार आठवायचे आहेत आणि तिसऱ्या पातळीवर शब्दाचा चमक आणि धार हा अर्थ गाठायचा आहे. तिसरे सूत्र सुटल्यावर सोडवणारा ‘पाणीदार’ हा शब्द पुन्हा नव्याने ऐकतो. ‘खग’ हे उत्तर भरल्यावर असे काही घडत नाही.

याच्या पुढची पायरी गूढ सूत्राची. इंग्लंडमध्ये ‘ऑब्झर्व्हर’साठी ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने अतिशय दुर्घट कोडी रचली जात. त्याच्यानंतर 1939 मध्ये आलेल्या डी. एस. मॅकनट याने ‘झिमेनेस’ हे नाव घेतले. दोन्ही नावे स्पेनमधल्या धर्मपीडकांची आहेत. तरी याच झिमेनेसने 1966 मधल्या आपल्या पुस्तकात न्यायाची नियमावली मांडली. चांगल्या गूढ सूत्रात उत्तराची नेमकी व्याख्या हवी, ते घडवण्याची प्रामाणिक वाट हवी आणि याखेरीज काहीही नको, असा तिचा आशय आहे. वाचकाला चकवावे, पण फसवू नये.

मराठी अक्षर या खेळाला अनुकूल आहे. ‘साताऱ्याने पहिले अक्षर गमावले आणि आकाश गाठले’ या सूत्राचे उत्तर ‘तारा’. ‘वाल्याने हे उलटे म्हटले, तरी उद्धार झाला’ याचे उत्तर ‘राम’. अक्षराक्षराने उलटून ‘मरा’ होणारा हा शब्द वाल्या कोळ्याच्या कथेने घरोघर पोचवला आहे. ‘नवजीवन’ दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येतो, तोही केवळ अक्षर हे एकक धरल्यामुळे. दण्डीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले. अक्षराशी असे खेळण्याची सवय आपल्या परंपरेला जुनी आहे, फक्त आपण ती चौकटीत आणली नाही.

एका सूत्राची दोन उत्तरे

न्यायाचा मुद्दा महाराष्ट्राला एके काळी थेट न्यायालयातच भेटला आहे. प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा तेव्हा चालत. बंगळुरूहून निघणाऱ्या आणि मुंबई राज्यात खपणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातली आर. एम. डी. सी. स्पर्धा त्यांतलीच. मुंबई राज्याने तिच्यावर कर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 9 एप्रिल 1957 च्या निकालात ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरली. सूत्राला लागू पडणाऱ्या पर्यायी शब्दांतून एक निवडायचा आणि तो संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळला तरच बक्षीस, अशी ती रचना होती. कौशल्याला तिथे फारसा वाव नव्हता. 1955 च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याने अशा स्पर्धांच्या एका महिन्यातील बक्षिसांची एकूण रक्कम 1000 रुपयांवर बांधली होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हा कायदा जुगाराच्या स्पर्धांपुरता असल्याचे सांगून कौशल्याच्या स्पर्धा वेगळ्या काढल्या.

विनामूल्य कोड्यात पैसा नाही, म्हणून हा दोष तिथे उरला नाही असे वाटेल. तो उरतो. ‘चुलीवरचे तापलेले पातेले उतरवण्याचे साधन’ या सूत्राला ‘सांडशी’ बसते, ‘पक्कड’ बसते आणि ‘चिमटा’ही बसतो. तिन्ही शब्द तीन घरांचे आहेत. कोणत्या भागातले मराठी बोलता, यावर तुमचे उत्तर ठरते. मधल्या घराला छेद दिला तर निकाल लागतो. छेद नसेल तर नागपूर आणि कोल्हापूर यांच्यात चिठ्ठी टाकण्यासारखेच ते होते. पैशाच्या कोड्यात अशी संदिग्धता मुद्दाम ठेवलेली होती, इथे ती निष्काळजीपणाने शिरते. सोडवणाऱ्याचे नुकसान दोन्हीकडे सारखेच होते: बरोबर असूनही तो चुकलेला ठरतो.

सोपे कुणासाठी?

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला ‘पाणी’ येते, पण तोंडचे पाणी पळणे त्याने ऐकलेले नसते. नव्याने मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय डॉक्टरला शब्द कमी येतात, पण बालगीताच्या सुरातले सूत्र त्याला लहान लेखते. आयुष्यभर मराठी वाचलेल्या निवृत्त वाचकाला मोत्याचे पाणी चटकन सुचते, पण नव्या उपकरणाचे नाव सुचत नाही. ‘सोपे, मध्यम, अवघड’ ही एकच शिडी या तिघांना पुरत नाही. शब्दांची ओळख, वाक्प्रचारांची ओळख आणि सूत्रातला चकवा अशी तीन वेगळी मापे लागतात. कोड्याच्या माथ्यावर दोन ओळींत ती सांगता येतात: शब्द रोजचे, वाक्प्रचार थोडे, चकवा नाही. एवढी नोंद ताऱ्यांच्या खुणांपेक्षा अधिक उपयोगाची ठरेल.

वर्तमानपत्राच्या कोड्यामागे निदान एक संपादक असतो. विनामूल्य कोडे रचणाऱ्यामागे कुणी नसते, म्हणून त्याने काही गोष्टी स्वतः पाळायला हव्यात. वाटण्यापूर्वी दुसऱ्या भागातल्या एका माणसाकडून कोडे सोडवून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाचा संकेत लिहावा. नुसते उत्तर न देता ते सूत्रातून कसे निघते, हेही द्यावे. मात्रा किंवा बोली यामुळे दुसरे उत्तर बसत असेल तर तेही मान्य करावे. यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

किंमत नसलेल्या वस्तूची समीक्षा करू नये, असा एक सभ्य संकोच आपल्याकडे आहे. हौसेने केले आहे, कशाला नावे ठेवायची, असे म्हटले जाते. पण ज्या मुलाने पहिल्याच कोड्यात ‘नग’ आणि ‘रव’ पाहून पान मिटले, त्याने आपल्याला मराठी येत नाही असाच निष्कर्ष काढलेला असतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो काढायला त्याला एका वाईट सूत्राने लावले आहे. ‘पाणी’ हा शब्द त्याला येतच होता, त्याच्यापर्यंत नेणारे सूत्र त्याला मिळाले नाही.