वरातीमागून घोडं

लंडनचं चेरिंग क्रॉस स्टेशन. इटलीला निघालेल्या लिलियाला निरोप द्यायला सासू, नणंद, दीर, लहानगी लेक अशी सगळी मंडळी फलाटावर जमली आहेत. थेट यॉर्कशरहून तिची आई आली आहे आणि तिच्या सोबतीला किंगक्रॉफ्ट नावाचा, लिलियावर जीव असलेला एक भिडस्त गृहस्थ. गाडीत पाय गारठू नयेत म्हणून गरम पाण्याचा डबा मिळायचा, तो आणायला किंगक्रॉफ्ट धावतो. दोन्ही हातांनी डबा सांभाळत परत येतो, तेव्हा गाडी हललेली असते. कापऱ्या आवाजात तो तिला शुभेच्छा देतो. त्याचा तो अवतार पाहून लिलियाला हसू आवरत नाही आणि तशी हसत हसतच ती धुक्यात दिसेनाशी होते.

ई. एम. फॉर्स्टरच्या ‘व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड’ या कादंबरीची ही सुरुवात. 1905 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा फॉर्स्टर 26 वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच कादंबरी. किंगक्रॉफ्टच्या त्या डब्याला आपण ‘वरातीमागून घोडं’ म्हणून हसतो आणि पान उलटतो. पुढे दहाव्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत मात्र हेच घोडं पुन्हा पुन्हा वरातीमागून येत राहतं, आणि दर खेपेला आपलं हसू थोडं आखडत जातं.

लिलिया 33 वर्षांची विधवा आहे. नवऱ्यामागे सॉस्टन नावाच्या इंग्रजी उपनगरात सासूच्या नजरेखाली राहते. गावाला जरा जाग आणावी म्हणून ती सायकल शिकते आणि एका रविवारी संध्याकाळी उतारावरून भरधाव येऊन चर्चच्या वळणावर आपटते. सासूबाई मिसेस हेरिटन यांच्या लेखी हा घराण्याच्या पडझडीचा क्षण. अशा सुनेला वर्षभर परदेशी धाडायचं म्हणजे दोन्ही बाजूंची सुटका. तिला सांभाळायला सोबत कॅरोलिन ॲबट, लिलियाहून दहा वर्षांनी लहान! गंमत म्हणजे फॉर्स्टरची स्वतःची आईही विधवा होती, घरचे तिला लिली म्हणत आणि 1901 साली तो इटलीत गेला तो तिच्याच सोबतीनं. त्या प्रवासातली उपनगरी शिस्त आणि टस्कनीचं ऊन यांची गाठ त्यानं या पुस्तकात मारली आहे.

लिलिया इटलीत प्रेमात पडल्याची खबर सासरी पोहोचते तो प्रसंग मला या कादंबरीतला सर्वांत धूर्त प्रसंग वाटतो. मिसेस हेरिटन मुलगी हॅरिएटबरोबर परसात वाटाणे पेरत आहेत. पत्र येतं, संताप होतो, पत्राच्या चिंध्या वाफ्यावर पडतात आणि मग मोंतेरियानो हे गाव नेमकं कुठे आहे ते नकाशात धुंडाळणं, तारा, मुलगा फिलिपची इटलीला रवानगी अशी एकच धांदल उडते. रात्री बाईंना आठवतं की वाटाण्यांवर माती ओढायची राहिली. कंदील घेऊन त्या परसात जातात. चिमण्यांनी दाणा न दाणा टिपलेला असतो, कागदाचे कपटे तेवढे उरलेले. लेखक यावर एक शब्द जास्त बोलत नाही. बाईंनी या लग्नाला वाटाण्याच्या अक्षता लावायचं ठरवलेलं असताना खुद्द वाटाण्यांनीच त्यांना दगा द्यावा, हा विनोद मराठी वाचकाला जरा अधिकच कळेल.

धाकटा दीर फिलिप इटलीचा भक्त. तिथली माणसं भूमीपेक्षाही थोर आहेत, असं लिलियाला त्यानंच पढवलेलं असतं. स्टेशनवरून गावाकडे जाताना गाडीत कॅरोलिनकडून त्याला कळतं की लिलियाचा हा प्रियकर, जिनो कारेल्ला, दाताच्या डॉक्टरचा मुलगा आहे. मनोऱ्यांच्या स्वप्ननगरीत दंतवैद्य? फिलिपच्या इटलीला तिथेच तडा जातो. माणसांवर प्रेम करा म्हणणाऱ्याला ही माणसं चित्रातली हवी होती, दाढदुखीची नव्हेत. पुढे तो 21 वर्षांच्या जिनोला पैसे देऊ करून लग्न मोडायला सांगतो. जिनो हसतो आणि त्याला ढकलून पलंगावर पाडतो. लग्न कधीच उरकलेलं असतं. दुसरं घोडं.

इथून विनोदाची छटा काळवंडते. सॉस्टनच्या शिस्तीतून सुटलेली लिलिया मोंतेरियानोच्या शिस्तीत येऊन पडते. इटलीतली ती लोभस मोकळीक चौकातली आणि कॅफेतली, म्हणजे पुरुषांची असते. बायकोनं एकटीनं फिरायला जाणं तिथे बसत नाही. तिच्याच पैशानं घेतलेल्या घरात ती अडकते, नवऱ्याची बाहेरख्याली तिला कळते. एका रात्री रस्त्यावर धावत जाऊन ती घोडागाडी थांबवू पाहते, गाडी थांबत नाही. आणि मग चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, अगदी मोजक्या शब्दांत: नुकताच जन्मलेला मुलगा देखणा आहे असं तिला कुणीतरी सांगतं, पण ते ऐकायला ती उरलेली नसते. इतकी चांगली बातमीसुद्धा उशिराच पोहोचते. नायिका वाटलेली बाई कादंबरी निम्मी व्हायच्या आत अशी निघून जाते आणि पुस्तकात तिच्यासाठी धाय मोकलून रडणारं कोणी दिसत नाही. हा दोष म्हणावा का? मला वाटतं, इथे वाचकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. तिला आपणही आत्तापर्यंत हसतच होतो.

उत्तरार्ध त्या बाळाचा. हेरिटन घराण्याला बाळ हवं आहे ते मायेपोटी नव्हे, लोकलाजेपोटी. फिलिप पुन्हा मोंतेरियानोत येतो, या खेपेला हॅरिएटला घेऊन. ऑपेराच्या खेळात गाव गातं, ओरडतं, फुलं फेकतं, आणि हॅरिएट सगळ्यांना गप्प करायला बघते. हा भाग मोठ्यानं वाचून हसावा असा. पण कादंबरीचा प्राण कॅरोलिन जिनोच्या घरी जाते त्या प्रकरणात आहे. बाळ परत मागायला आलेली ही बाई बापाचं वेडं प्रेम पाहते आणि बाह्या सारून बाळाला अंघोळ घालायला लागते. फिलिप दारात येतो तेव्हा त्याला जुन्या इटालियन चित्रातली मेरी, बाळ येशू आणि शेजारी भक्त असं दृश्य दिसतं. साऱ्या पुस्तकात हा एवढाच प्रसंग असा, की जिथे कुणालाच उशीर झालेला नाही.

आणि आता शीर्षक. अलेक्झांडर पोपच्या एका प्रसिद्ध ओळीतून ते घेतलं आहे: देवदूत जिथे पाय टाकायला बिचकतात तिथे मूर्ख मुसंडी मारतात. कॅरोलिन आणि फिलिप विचार करत बसतात, म्हणून मागे राहतात. उशीर न करणारी एकटी हॅरिएट. तिला आपण योग्यच करतो आहोत याबद्दल तिळभर शंका नाही, म्हणून ती बाळ सरळ पळवते. पावसात, अंधारात गाडी उलटते आणि बाळ दगावतं. फॉर्स्टरचा कडू निष्कर्ष असा, की शंका असलेले वेळेवर पोहोचत नाहीत आणि शंका नसलेले पोहोचतात ते घात करायला.

ही बातमी सांगायला मोडक्या हाताचा फिलिप जातो, तेव्हा दुःखानं वेडापिसा झालेला जिनो तोच हात पिरगाळतो. कॅरोलिन येऊन दोघांना सोडवते. एवढ्यात मोलकरीण बाळासाठी दूध आणते. ते दूध आधी फिलिप पितो, मग उरलेलं जिनो. मेलेल्या बाळाच्या वाटचं दूध वैऱ्यांनी वाटून प्यावं, यात भीषण काय आणि पवित्र काय ते वेगळं काढता येत नाही.

मराठी वाचकाला फॉर्स्टर जवळचा असण्याचं आणखी एक कारण आहे. 1921 मध्ये तो देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता आणि तिथल्या दिवसांवर त्यानं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिलं. परक्या मुलखात गेलेला इंग्रज तिथे नक्की काय शोधतो, हा त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीचा प्रश्न त्याला त्याआधी कितीतरी वर्षं, मोंतेरियानो या छोट्या डोंगरी गावात पडला होता.

कादंबरीचा शेवटही आगगाडीतच. फिलिप कॅरोलिनला मागणी घालण्याच्या बेतात असताना ती सांगून टाकते की तिचं प्रेम जिनोवर आहे. शेवटचं घोडं. यानंतर एखाद्या लेखकानं दोघांना खिडकीशी उभं करून अश्रू ढाळायला लावलं असतं. फॉर्स्टर त्यांना लगबगीनं डब्यात परत पाठवतो, हॅरिएटच्या डोळ्यांत कोळशाचे कण जाऊ नयेत म्हणून खिडक्या लावायला. जिच्यामुळे बाळ गेलं, तिचे डोळे मात्र अगदी वेळेवर सांभाळले जातात. शोकांतिका लिहिणारे पुष्कळ आहेत, पण तिचा शेवट खिडकीच्या कडीवर आणून ठेवायची छाती 26व्या वर्षी फार थोड्यांना असते.